माहेरची वाट, मोटारसायकल आणि अम्मीची कढई

जालन्याहून एसटीने निघालं की राजूर येतं, मग भोकरदन. भोकरदनला गाडी बदलायची. पुढे रस्ता उत्तरेकडे सरकतो, कपाशी आणि मक्याच्या शेतांपलीकडे अजिंठ्याच्या डोंगराची निळसर रेघ दिसू लागते आणि माहेर जवळ आल्याचं कळतं. धावडा हे माझं माहेर. तालुका भोकरदन, जिल्हा जालना, पण शिवारापलीकडे थोडं गेलं की बुलढाणा जिल्हा लागतो. मराठवाडा संपतो आणि विदर्भ सुरू होतो त्या कडेवरचं गाव. त्यामुळे आमच्याकडच्या सोयरिकी दोन्हीकडे. एक खाला भोकरदनला दिली, दुसरी धाडला.

ही वाट जुनी आहे. भोकरदनचं प्राचीन नाव भोगवर्धन. सांची-भरहूतच्या स्तूपांना दान देणाऱ्यांच्या शिलालेखांत त्या गावचे लोक सापडतात. १९७० च्या दशकात तिथे उत्खनन झालं तेव्हा हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा तुकडा मिळाला, आणि तशाच घडणीची मूर्ती इटलीतल्या पाँपेई शहरातही मिळालेली आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी या भागातून दागदागिने आणि नक्षीकामाचा माल दूरवर जात होता. अजिंठ्याच्या लेण्यांमधल्या चित्रांतल्या बायकांच्या हातांत कंकणं आहेत. मी वर्गात इतिहासाच्या तासाला हे सांगते तेव्हा मला माझा भाऊ आठवतो. तोही याच वाटांवरून हातातले दागिने पोचवतो, फक्त त्याची कंकणं फिरोझाबादच्या काचेची असतात आणि वाहन १२५ सीसीची मोटारसायकल.

आम्ही मन्यार. अब्बा सायकलवर बांगड्यांची पेटी बांधून आठवडी बाजार करायचे. भाऊ मोटारसायकलवर करतो. आज वालसावंगी, उद्या पिंपळगाव रेणुकाई, परवा पारध, मग सीमेपलीकडे धाड. पिंपळगावच्या मिरचीचे भाव चढले की बायकांच्या हाती चार पैसे येतात आणि बांगड्या विकल्या जातात. मिरची पडली की भावाची पेटी तशीच परत येते. जाळीच्या देवाला पौर्णिमेला गर्दी होते, होळीच्या सुमारास सैलानीच्या यात्रेला जाणाऱ्या गाड्या बुलढाण्याच्या रस्त्याला लागतात, तेव्हाही त्याचं दुकान रस्त्याकडेला असतं. बाजाराची जागा पहाटे धरावी लागते. फजरची नमाज झाली की तो निघतो. हे सगळं त्या एका गाडीवर चालतं.

गेल्या नाताळच्या सुट्टीत मी मुलांना घेऊन गेले तेव्हा पहिल्याच पहाटे अंगणातून आवाज आला. स्टार्टर एकदा कण्हला आणि गप्प झाला. नंतर किक. एक, दोन, पाच. मी बाहेर आले तर भाऊ गाडीला टेकून उभा होता, उजवा गुडघा दोन्ही हातांनी धरून. त्या गुडघ्याचं दीड वर्षापूर्वी ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी किक मारायला सक्त मनाई केलेली. शेवटी शेजारच्या मुलाने गाडी ढकलून चालू करून दिली.

संध्याकाळी तो परतला तेव्हा हातात एक खोकं होतं. "आपा, ये देखो," म्हणाला. घरात आम्ही दखनीच बोलतो. "लिथियमची बॅटरी. महिन्यापूर्वीच आणून ठेवली. दुकानदार म्हणाला, जुनी काढ, ही बसव, दहा वर्षं बघायला नको." साध्या बॅटरीच्या जवळपास चौपट पैसे त्याने मोजले होते. बसवायची हिंमत मात्र झाली नव्हती, कारण बसस्टँडजवळचे मिस्त्री म्हणाले होते, "मोबाइलसारखी फुटली तर?" आणि दुकानदार परत घ्यायला तयार नव्हता.

मी विज्ञान शिकवते. गाडी दुरुस्त करणं माझं काम नाही, पण व्होल्ट, अँपिअर आणि वॅट यांचा हिशेब मला येतो. शाळेच्या प्रयोगशाळेतलं असतं तसं एक मल्टिमीटर माझ्या मुलाच्या बॅगेत होतं, कारण त्याला असल्या गोष्टींचा नाद आहे. मी म्हटलं, "दोन बाजार चुकले तरी चालतील. आधी बघू या."

सुरुवात तराजूपासून झाली. किराणा दुकानातल्या काट्यावर जुनी बॅटरी पावणेदोन किलोच्या पुढे गेली, नवी अर्ध्या किलोला थोडी वर. मुलांना हीच मोठी गंमत वाटली. जुनीत शिसं असतं, शिशाचं ऑक्साइड असतं आणि गंधकाचं आम्ल असतं. ही रचना गॅस्टन प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली केली, म्हणजे १८५७ च्या उठावाला दोनच वर्षं झाली होती. तेव्हापासून आजपर्यंत मूळ गोष्ट तीच आहे. २ व्होल्टचे सहा कप्पे ओळीने जोडले की १२ व्होल्ट.

लिथियम आयनची बॅटरी बाजारात आली १९९१ मध्ये, आणि तिच्या शोधासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पण सगळ्या लिथियम बॅटऱ्या एकसारख्या नसतात. गाडीसाठी चांगल्या समजल्या जातात त्या लिथियम आयर्न फॉस्फेटच्या. गुडइनफ यांच्याच प्रयोगशाळेने १९९० च्या दशकात तो पदार्थ पुढे आणला. मोबाइलमध्ये बहुधा कोबाल्टचा प्रकार असतो. तापल्यावर त्यातून प्राणवायू सुटतो आणि आग भडकते. फॉस्फेटमध्ये प्राणवायू फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असतो, म्हणून ती बॅटरी बरीच शांत. खोक्यावर हेच नाव छापलेलं होतं. मिस्त्रींची अर्धी भीती तिथे गेली.

उरलेली अर्धी खरी होती. फॉस्फेटचा एक कप्पा ३.२ व्होल्टचा. असे चार जोडले की १२.८. पूर्ण भरताना एका कप्प्याला ३.६५ व्होल्टपर्यंत नेता येतं, म्हणजे चार कप्प्यांना १४.६. गाडीचं इंजिन चालू असताना रेग्युलेटर साधारण १४ ते १४.५ व्होल्ट देतो, म्हणून ही बॅटरी शिशाच्या बॅटरीच्या जागी बसू शकते. पण रेग्युलेटर बिघडलेला असेल तर? शिशाची बॅटरी जास्त व्होल्ट मिळाले की आतलं पाणी उडवते, फुगते, मरते, पण हळूहळू. लिथियमला तेवढी सहनशक्ती नाही.

भावाला विचारलं, "दोन वर्षांत किती बॅटऱ्या बदलल्यास?"

"तीन."

"आणि हेडलाइटचे बल्ब?"

तो हसला. "मोजले नाहीत. महिन्या-दीड महिन्याला एक जातो."

तिथेच मला शंका आली. इंजिन चालू करून मल्टिमीटरच्या दोन तारा बॅटरीच्या दोन टोकांना लावल्या. मंद चालीवर १३.६. ठीक. मुलाने हळूहळू रेस वाढवली तसा आकडा चढत गेला. १४.२, १४.९, १५.५, आणि १५.९ वर जाऊन थांबला. जुन्या बॅटरीच्या दोन्ही बाजू फुगलेल्या का होत्या, बल्ब का जात होते, सगळ्याचं उत्तर त्या आकड्यात होतं. त्या दिवशी नवी बॅटरी बसवली असती तर चौपट पैसे पाण्यात गेले असते, आणि धोका वेगळाच.

मग इंजिन बंद केलं, चावी काढली आणि बॅटरीची ऋण तार सोडवून तिच्या वाटेत मीटर जोडलं. गाडी झोपलेली असताना तिने जवळजवळ काहीच प्यायला नको. पण मीटरने २० मिलिअँपिअर दाखवले. हँडलला लावलेला मोबाइल चार्जर थेट बॅटरीला जोडलेला होता, चोवीस तास. २० मिलिअँपिअर म्हणजे काय? दिवसाला जवळपास अर्धा अँपिअर-तास. ५ अँपिअर-तासाची बॅटरी दहा दिवसांत रिकामी. ऑपरेशननंतर गाडी तीन आठवडे उभी होती, पहिली बॅटरी तेव्हाच मेली असणार. शिशाची बॅटरी रिकामी पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण खडे धरतात, मग ती पुन्हा नीट भरत नाही.

इथे नव्या बॅटरीची एक बारीक गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. खोक्यावर मोठ्या अक्षरात ५ लिहिलेलं होतं आणि खाली बारीक अक्षरात २. म्हणजे गाडी चालू करण्याच्या ताकदीत ती ५ अँपिअर-तासाच्या शिशाच्या बॅटरीची बरोबरी करते, पण पोटात साठवण २ चीच. ३५ वॅटचा दिवा इंजिन बंद ठेवून तिच्यावर जाळला तर पाऊण तासात ती संपेल. तो चार्जर तसाच राहिला असता तर चार दिवसांत संपली असती. शिवाय शिशाची बॅटरी मरण्यापूर्वी सांगते, हॉर्न बसतो, दिवा पिवळा होतो. लिथियमच्या आत एक संरक्षक सर्किट असतं, ते पातळी खाली गेली की एकदम तोंड मिटतं.

दुसऱ्या दिवशी भाऊ भोकरदनहून नवा रेग्युलेटर घेऊन आला. बसस्टँडजवळच्या मिस्त्रींनी तो बसवला, चार्जरची तार चावीनंतरच्या वायरला जोडली, इंजिनाजवळची गंजलेली अर्थिंगची जागा घासून साफ केली. पुन्हा मीटर लावलं. मंद चालीवर १३.८, रेस दिल्यावर १४.३, त्यापुढे हलायला तयार नाही. मग बॅटरी बदलली. काढताना आधी ऋण टोक, मग धन. बसवताना आधी धन, मग ऋण. पान्याचा चुकून गाडीच्या लोखंडाला स्पर्श झाला तरी ठिणगी पडू नये म्हणून हा क्रम. नवी बॅटरी आकाराने लहान, म्हणून सोबत आलेले फोमचे तुकडे लावून ती घट्ट केली. मिस्त्रींना मी एवढंच सांगितलं की ही कधी बसली तर तुमच्या नेहमीच्या चार्जरवर लावू नका. जुन्या बॅटरीचे खडे फोडण्यासाठी काही चार्जर जास्त दाबाचे झटके देतात, ते हिला चालत नाहीत. ते म्हणाले, "ताई, आता हे मीटर मीही घेतो. इतकी वर्षं अंदाजावर चाललं."

खरं सांगायचं तर, भावाने मला आधी विचारलं असतं तर मी लिथियम घेऊ नको म्हटलं असतं. रोज चालणाऱ्या छोट्या गाडीला सव्वा किलो वजन कमी झाल्याने फार फरक पडत नाही. ठीक रेग्युलेटर आणि साधी बॅटरी यांवर तीन-चार वर्षं सहज निघतात. तिचा फायदा होतो तो गाडी महिनोन् महिने उभी राहणाऱ्याला, कारण ती स्वतःहून फार कमी झिजते. थंडीत ती थोडी सुस्त होते, शून्याखाली तिला चार्ज करायचं नसतं, पण धावड्याची थंडी तिथपर्यंत जात नाही. आमच्याकडे काळजी उन्हाळ्याची. मे महिन्यात भर उन्हात उभी केलेली गाडी सीटखाली भट्टी होते आणि उष्णतेने कुठल्याही बॅटरीचं आयुष्य कमी होतं. भावाला म्हटलं, बाजारात पेटी सावलीत ठेवतोस तशी गाडीही ठेव.

गोष्ट इथे संपली असती तर मी हा लेख लिहिला नसता.

जुनी बॅटरी हातात घेऊन मी विचारलं, "आधीच्या दोन कुठे आहेत?" भाऊ म्हणाला, मागे लिंबाखाली पडल्या असतील. मागे गेले. एक होती. दुसरीचं नुसतं प्लास्टिकचं खोकं, वरून फोडलेलं. बाजूला राखाडी भुकटी सांडलेली, तिथेच कोंबड्या टोचत होत्या आणि तीन वर्षांची भाची त्याच मातीत बसून भांडी-भांडी खेळत होती.

भाच्याला हाक मारली. अकरा वर्षांचा. त्याने अभिमानाने सगळं दाखवलं. शेलूदच्या धामणा धरणावर मित्रांबरोबर मासे धरायला जातात, जाळ्याला शिशाचे मणी लागतात, ते विकत कशाला घ्यायचे? बॅटरी फोडली, आम्ल गटारात ओतलं, पट्ट्या चुलीवर वितळवल्या आणि मातीत केलेल्या खळग्यांत ओतल्या. मणी खरोखर छान झाले होते.

"कशात वितळवलंस?"

तो भिंतीशी गेला आणि अम्मीची कढई घेऊन आला. लोखंडाची, जाड बुडाची, अम्मीच्या जहेजमधली. आम्हा सगळ्या भावंडांची ईद तिच्यातल्या गुलगुल्यांनी झालेली. भाभी स्वयंपाकघरातून म्हणाली, "मैंने राखसे घासके ली थी उसको. दोनदा भजी तळली त्यात."

शिसं डोळ्यांना दिसत नाही, त्याला वास नाही. ते भुकटीतून आणि धुरातून अंगात जातं, हातावरून तोंडात जातं. तोंडावाटे गेलेल्या शिशातलं मोठ्यांपेक्षा लहान मुलं चार-पाच पट जास्त शोषून घेतात. शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत साठवतं. मुलाचं डोकं, लक्ष, शिकण्याची ताकद यांवर त्याचा घाला पडतो, आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. शिशाची सुरक्षित म्हणता येईल अशी पातळीच माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०२० साली युनिसेफने दिलेल्या अंदाजानुसार जगात दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात १०० मिलिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं आहे. भारतात अशी मुलं सुमारे साडेसत्तावीस कोटी. त्यामागच्या मोठ्या कारणांपैकी एक म्हणजे उघड्यावर फोडल्या आणि वितळवल्या जाणाऱ्या बॅटऱ्या. मी हे वर्गात शिकवलेलं आहे. माझ्या माहेरच्या लिंबाखाली ते चाललेलं होतं.

मी रागावले नाही. कोणावर रागावायचं? भाच्याने आपल्या परीने इस्राफ टाळला होता, टाकाऊतून कामाची वस्तू केली होती. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. भंगार घेणारा, बॅटरी विकणारा, आम्ही घरचे, कोणीच नाही.

दोन्ही मुलांना जालन्याला आणलं, रक्त दिलं. नमुना बाहेरगावी गेला. मुलाचं शिसं १४ आलं, मुलीचं ८. भाभी फोनवर रडली. डॉक्टरांनी समजावलं की या पातळीला औषध द्यायचं नसतं, आधी उगम बंद करायचा. जेवणाआधी साबणाने हात, नखं कापलेली, घरात कोरडा झाडू न मारता ओलं पुसणं, दूध, हिरव्या भाज्या, लोह. आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी.

भावाने हातमोजे घालून, तोंडाला ओलं फडकं बांधून लिंबाखालची माती वीतभर खोल काढली, गोणीत बांधली, घरापासून आणि विहिरीपासून लांब नेऊन गाडली. वर नवी माती टाकली. शिशाचे मणी आणि जाळं बाजूला काढलं. फुटलेल्या-न फुटलेल्या बॅटऱ्या जाड प्लास्टिकमध्ये बांधून भोकरदनच्या बॅटरी दुकानात दिल्या. जुन्या बॅटरीचे पैसे तिथे मिळतातच. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून नीट पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे आणि आपल्यावर एवढीच की त्या घरच्या कचऱ्यात न टाकता योग्य ठिकाणी द्याव्यात. शिशाच्या बॅटरीतलं जवळपास सगळं शिसं पुन्हा वापरता येतं. प्रश्न असतो तो कुठे वितळवता याचा. भावाची लिथियमची बॅटरी संपेल तेव्हा तीही तिथेच जाईल. तिला भंगारात भाव नसला तरी फोडायची नाही, चुलीत टाकायची नाही, हे भाच्याने आपल्या हाताने कागदावर लिहून सीटखाली चिकटवलंय.

राहिली कढई. अम्मी म्हणाली, "चिंचेने घासते, जाईल." मी म्हटलं, नाही जाणार याची खात्री कोण देणार? लोखंडाला बारीक छिद्रं असतात. अम्मी काही बोलली नाही. मगरिबनंतर बराच वेळ ती कढई मांडीवर घेऊन बसली होती. सकाळी उठले तर तिने ती स्वतःच भंगाराच्या गोणीजवळ ठेवलेली. मी उचलायला गेले तर म्हणाली, "ठहर. भंगारवाला ही घासून कोणाला तरी विकेल. कोणाच्या तरी मुलांच्या पोटात जाईल." मग तिने भावाला हातोडा आणि छन्नी आणायला सांगितली आणि कढईच्या बुडाला भोक पाडून घेतलं. नीट, मोठं, पुन्हा कोणाला बुजवता येऊ नये असं.

मार्चमध्ये दुसरी तपासणी झाली. मुलाचं ९, मुलीचं ६. उतरतंय. अजून एकदा करायची आहे.

परवा भावाचा पहाटे फोन आला. मागे स्टार्टरचा एका दमात आलेला आवाज ऐकवला आणि म्हणाला, "आपा, पारधला निघालो. गुडघा ठीक आहे. आणि हो, मिस्त्रींनी मीटर घेतलं."